ट्रॅव्हल ट्रेलरमधील स्वयंपाकघर

ट्रॅव्हल ट्रेलर हे मोटारगाडीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून नेले जाणारे फिरते घर होय. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मुक्कामी पोहोचल्यावर ते सोडवून ठेवता येते व गाडी इतर कामांसाठी मोकळी होते. ब्रिटनमध्ये अशा वाहनास कॅरॅव्हॅन म्हणतात. झोपण्याची सोय, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर ही ट्रेलरची तीन मुख्य अंगे असून त्यांपैकी स्वयंपाकघराची रचना सर्वाधिक गुंतागुंतीची असते. पाणी, सांडपाणी, गॅस, वीज आणि वजन या पाचही व्यवस्था तेथे एकत्र येतात व प्रत्येकीला निश्चित मर्यादा असते. त्यामुळे ट्रेलर निवडताना उपकरणांची संख्या पाहण्याआधी बाहेरील नळ व विजेच्या जोडणीशिवाय त्या स्वयंपाकघरात किती दिवस रांधता येईल, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. हा लेख मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ट्रेलरविषयी आहे. तेथील बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट शहराच्या परिसरात तयार होतात.

इतिहास

फिरत्या स्वयंपाकघराचा अमेरिकेतील एक पूर्वज म्हणजे गुराख्यांची चक वॅगन. टेक्सासमधील पशुपालक चार्ल्स गुडनाइट याने १८६६ मध्ये एका लष्करी मालगाडीच्या मागील बाजूस खणांची पेटी बसवली. पेटीचे झाकण बिजागरीवर खाली उघडे व तेच स्वयंपाक्याचा ओटा बने. पीठ, घेवडा, कॉफी, मसाले आणि भांडी यांना त्यात ठरलेल्या जागा असत. सुमारे सत्तर वर्षांनंतर अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे जे छोटे ट्रेलर लोकप्रिय झाले, त्यांत हीच कल्पना पुन्हा दिसते. आत केवळ बिछाना आणि मागचे झाकण वर उचलले की शेगडी, बर्फाची पेटी व ओटा, अशी त्यांची रचना असते. माणूस मात्र बाहेर, उघड्यावर उभा राहतो.

१९१९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथे टिन कॅन टूरिस्ट्स ही मोटारप्रवाशांची संघटना स्थापन झाली. त्या काळात बहुतेक प्रवासी तंबूत राहत आणि डबाबंद अन्न शेगडीवर गरम करून खात. एअरस्ट्रीम कंपनीचा संस्थापक वॉली बायम याच्याविषयी अशी हकीकत सांगितली जाते की, स्वयंपाकघराशिवाय मुक्कामाला येण्यास त्याच्या पत्नीने नकार दिला. मग त्याने मोटारीच्या सांगाड्यावर एक निवारा बांधून त्यात बर्फाची पेटी व रॉकेलची शेगडी बसवली. कथेतील बारकावे काहीही असोत, ट्रेलरच्या विकासामागील एक प्रेरणा चूल होती, हे तिच्यातून स्पष्ट होते. एअरस्ट्रीमचा क्लिपर हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर १९३६ मध्ये बाजारात आला.

व्हिन्सेंट मिनेली दिग्दर्शित ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ (१९५४) या विनोदी चित्रपटात नायिका चालत्या ट्रेलरमध्ये रात्रीचे जेवण रांधू पाहते आणि सगळा स्वयंपाक तिच्या अंगावर सांडतो. तिने हौसेने गोळा केलेल्या दगडांच्या वजनामुळे घाटात जिवावर बेतते, हा त्याच चित्रपटाचा दुसरा प्रसंग. विनोदाचा भाग सोडला तरी दोन्ही प्रसंगांतील तांत्रिक मुद्दा खरा आहे. चालत्या ट्रेलरमध्ये माणसांनी बसण्यास अनेक राज्यांत बंदी आहे, तर वजनाचा प्रश्न आजही प्रत्येक खरेदीदारापुढे असतो.

स्वयंपाकघराचे स्थान

अमेरिकेत रस्त्यावरील वाहनाची रुंदी साधारणतः १०२ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे २.६ मीटरपर्यंत मर्यादित असते. भिंतींची जाडी वजा जाता आतील जागा एखाद्या लहान खोलीइतकीच उरते. मध्यभागी स्वयंपाकघर असलेली रचना सर्वाधिक आढळते. तीत एका भिंतीला ओटा, समोर जेवणाचे टेबल आणि मधून येण्याजाण्याची वाट असते. एक जण शेगडीपाशी उभा असला की दुसऱ्याला न्हाणीघराकडे जाता येत नाही, ही या रचनेबाबतची नेहमीची तक्रार.

मागील भिंतीलगत स्वयंपाकघर असल्यास ओटा इंग्रजी ‘एल’ किंवा ‘यू’ अक्षराच्या आकाराचा करता येतो. तीन बाजूंना खिडक्या मिळतात आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावरून कोणाला जावे लागत नाही. हौशी स्वयंपाक्यांना ही रचना विशेष आवडते. मात्र तिच्यात एक धोका दडलेला असतो. ट्रेलर स्थिर चालण्यासाठी त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर पडावा लागतो. शीतकपाट, भांडी, डबाबंद अन्न असे जड सामान चाकांच्या मागे गेले की पुढच्या जोडावरील भार घटतो व वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोलू लागतो. एकदा वाढलेला झोल आवरणे कठीण असते. त्यातून गाडी व ट्रेलर दोन्ही उलटू शकतात. निर्मात्याने रचनेत हा समतोल साधलेला असतो, परंतु मालकाने मागची कपाटे नंतर कशी भरावी, हे निर्मात्याच्या हाती नसते.

अनेक ट्रेलरमध्ये भिंतीचा एक भाग मुक्कामी बाहेर सरकवून आतील जागा वाढवता येते. त्यास स्लाइडआउट म्हणतात. तो बाहेर काढल्यावर स्वयंपाकघर प्रशस्त वाटते. प्रवासात तो आत असताना शीतकपाटाचे दार उघडते का, हे पाहिले पाहिजे. कित्येक नमुन्यांत ते समोरच्या ओट्याला अडते आणि वाटेत थांबून दुधाची पिशवी काढायची तरी वाहनतळावर अख्खी भिंत बाहेर सरकवावी लागते. विक्रेत्यांकडे ट्रेलर नेहमी स्लाइडआउट बाहेर काढून मांडलेले असतात, त्यामुळे ही अडचण खरेदीच्या वेळी दिसत नाही.

काही ट्रेलरच्या बाह्य भिंतीत झाकणामागे छोटी शेगडी, सिंक व लहान शीतकपाट असते. उकाड्यात व मासे तळताना या बाहेरच्या स्वयंपाकघराचा उपयोग होतो. त्यासाठी आतील साठवणीची जागा मात्र खर्ची पडते.

ओटा आणि साठवण

लहान ट्रेलरमध्ये शेगडी व सिंक बसवल्यावर ओट्याची मोकळी जागा जवळपास शिल्लक राहत नाही. सिंकवर ठेवायची फळी, शेगडीवरचे काचेचे झाकण आणि ओट्याच्या टोकाला बिजागरीने वर उचलता येणारी पट्टी या तीन उपायांनी ती वाढवतात. पैकी पहिले दोन उपाय फसवे आहेत. भाजी चिरायची वेळ आणि शेगडी पेटवायची वेळ बहुधा एकच असते. झाकणे काढून ठेवल्यावर चिरण्याची पाटी मावेल एवढी जागा उरते का, हीच खरी कसोटी.

खोल कपाटांपेक्षा पूर्ण बाहेर येणारे खण सोयीचे असतात. प्रवासात ते उघडू नयेत म्हणून त्यांना खटका असावा लागतो. वरच्या फडताळांत हलके आणि खाली, चाकांच्या आसाजवळ, जड सामान ठेवण्याचा प्रघात आहे.

शेगडी व गॅस

अमेरिकेतील ट्रेलरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन वापरतात. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस असल्याने कडाक्याच्या थंडीतही सिलिंडरमधून वायू मिळत राहतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपासच द्रवरूप होतो, त्यामुळे तो तेथे निरुपयोगी ठरतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर २० किंवा ३० पौंड प्रोपेन मावणारी दोन सिलिंडरे बसवलेली असतात.

शेगडीला दोन किंवा तीन बर्नर असतात व त्यांतील मोठा ताशी सुमारे ९,००० बीटीयू, म्हणजे अंदाजे २.६ किलोवॉट उष्णता देतो. अमेरिकन घरातील मोठ्या बर्नरपेक्षा हे प्रमाण कमी आहे, परंतु नित्याच्या स्वयंपाकाला ते पुरते. गॅस पुरेल का, ही नवख्या खरेदीदाराची चिंता स्वयंपाकापुरती अनाठायी असते. २० पौंडी (सुमारे ९ किलो) सिलिंडरमध्ये साधारण ११७ किलोवॉट-तास ऊर्जा असते. दोन किलोवॉटचा बर्नर तीवर ५८ तास चालेल. त्याच सिलिंडरवर ३०,००० बीटीयूची खोली तापवणारी भट्टी सलग चालवली, तर तो सुमारे १३ तासांत रिकामा होईल. थोडक्यात, थंडीत गॅस संपवते ती भट्टी, आणि उपाशी राहते ते स्वयंपाकघर.

ओव्हन बहुधा १७ किंवा २१ इंची असतो. घरातील मोठे बेकिंग ट्रे लहान ओव्हनमध्ये जात नाहीत, म्हणून ट्रेलर पाहायला जाताना आपले भांडे सोबत नेण्याची पद्धत जाणते लोक पाळतात. पाव-बिस्किटे भाजण्याची सवय नसलेल्यांना ओव्हनऐवजी तेथे खण असलेली रचना अधिक फलदायी ठरते.

प्रोपेनमुळे मार्गावरही बंधने येतात. मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर हार्बर टनेल व फोर्ट मॅकहेन्री टनेल या बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठी प्रोपेनची सिलिंडरे नेण्यास मनाई आहे. त्यामुळे ट्रेलर घेऊन जाणारे फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळला आणि ट्रेलरधारकांना शहराला पश्चिमेकडून वळसा घालणे भाग पडले.

वायुवीजन आणि सुरक्षितता

प्रोपेनच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निर्माण होते. रासायनिक समीकरणानुसार एक किलो प्रोपेन जळाल्यावर सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. दोन किलोवॉटचा बर्नर तासभर पेटता ठेवल्यास पाव लिटर पाणी केवळ ज्वलनातून हवेत मिसळते. भाताची वा डाळीची वाफ निराळी. छोट्या बंद जागेत ही वाफ थंड खिडक्यांवर व भिंतींत जमते, तेथे बुरशी येते आणि लाकडी सांगाडा कुजू लागतो. म्हणून शेगडीवरील पंख्याची हवा खरोखर ट्रेलरबाहेर जाते की गाळणीतून फिरून आतच येते, हे तपासणे आवश्यक असते. बाहेर जाणाऱ्या पंख्याच्या झडपेला बाहेरून खिटी असते. ती उघडायला विसरल्यास पंखा नुसताच आवाज करतो.

ज्वलन अपुरे झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू तयार होतो. थंडीत ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून ठेवणे प्राणघातक ठरू शकते. अमेरिकेतील उत्पादनांना लागू असलेल्या एनएफपीए ११९२ या मानकात प्रोपेन-गळतीसूचक, कार्बन मोनॉक्साइड-सूचक, धूरसूचक व अग्निशामक यांची तरतूद आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सूचक जमिनीलगत बसवतात. सूचकांचे आयुष्य मर्यादित असते, त्यामुळे जुना ट्रेलर घेताना त्यांवरील तारीख वाचावी लागते.

कपाटांचे साहित्य हाही आरोग्याचा विषय आहे. २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळानंतर बेघरांना दिलेल्या सरकारी ट्रेलरमध्ये श्वसनाचे त्रास नोंदवले गेले. २००८ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने त्यांतील हवेत फॉर्माल्डिहाइडचे वाढीव प्रमाण आढळल्याचे जाहीर केले. हा वायू कृत्रिम लाकडी फळ्यांच्या डिंकातून सुटतो व उष्णता आणि दमटपणा यांनी त्याचे प्रमाण वाढते. या दोन्ही गोष्टी स्वयंपाकघरात आपसूकच असतात. २०१० मध्ये अशा फळ्यांवर मर्यादा घालणारा कायदा संमत झाला.

शीतकपाट

जुन्या व मध्यम वयाच्या ट्रेलरमध्ये शोषण पद्धतीचे शीतकपाट आढळते. स्टॉकहोममधील बाल्टझर फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ते शोधले. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या साहाय्याने ते ज्योतीच्या उष्णतेवर गारवा निर्माण करते. त्याला फिरता भाग नसतो व ते आवाज करत नाही. ट्रेलर मात्र बऱ्यापैकी समतल उभा असावा लागतो, कारण द्रवाचे अभिसरण गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असते. उकाड्यात त्याची क्षमता घटते. आता १२ व्होल्टवर चालणारी कॉम्प्रेसरची शीतकपाटे प्रचलित होत आहेत. ती लवकर गार होतात आणि उतारावरही चालतात, परंतु त्यांच्यासाठी चांगली बॅटरी व सौरपट लागतो.

पाणी आणि सांडपाणी

ट्रेलरमध्ये तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, एक सिंक व न्हाणीच्या सांडपाण्याची आणि एक शौचालयाची. सांडपाण्याच्या टाकीस करडी व शौचालयाच्या टाकीस काळी टाकी म्हणतात. जाहिरातींत ताज्या पाण्याच्या टाकीचा आकार ठळकपणे दिला जातो. मुक्कामाची लांबी मात्र अनेकदा करडी टाकी ठरवते. ती भरली की नळाला पाणी असूनही सिंक वापरता येत नाही. समजा, करडी टाकी ११० लिटरची आहे. दोघांच्या भांड्यांना रोज १५ लिटर व अंघोळीला २० लिटर पाणी लागले, तर चौथ्या दिवशी ती काठोकाठ भरेल. सांडपाणी जमिनीवर सोडण्यास राष्ट्रीय उद्यानांत व अनेक राज्यांत मनाई असल्याने ते विहित ठिकाणी नेऊनच रिकामे करावे लागते. काही मोठ्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकघरासाठी वेगळी करडी टाकी असते. नित्य रांधणाऱ्यांनी ही सोय अवश्य पाहावी.

सिंक खोल असल्यास कमी पाण्यात भांडी निघतात व पाणी बाहेर उडत नाही. तेलकट ताटे आधी कागदाने पुसून घेणे हा नियम सर्वत्र पाळला जातो. टाकीत तेल व अन्नकण साचले की दुर्गंधी सुटते आणि पातळी दाखवणारे संवेदक चिकट थरामुळे चुकीचे आकडे दाखवतात.

वीज

मध्यम आकाराच्या ट्रेलरला १२० व्होल्ट व ३० अँपिअरची, म्हणजे कमाल ३,६०० वॉटची जोडणी असते. मोठ्यांना ५० अँपिअरची जोडणी मिळते. मायक्रोवेव्हला सुमारे १,५०० वॉट, वातानुकूलकाला जवळपास तेवढेच आणि विजेवरील पाणी तापवण्याच्या टाकीला १,४०० वॉटच्या आसपास लागतात. तिन्ही एकदम चालू केल्यास खटका पडतो.

जोडणी नसलेल्या जागी सर्व भार बॅटरीवर येतो. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास ऊर्जा असते. मायक्रोवेव्ह दहा मिनिटे चालवल्यास त्यातील पाचवा हिस्सा संपतो. गॅस शेगडी वगळून केवळ इंडक्शन बसवलेले नवे नमुने दिसायला देखणे असले, तरी एकाच बॅटरीच्या भरवशावर रानात मुक्काम करणाऱ्यांना ते पेलत नाहीत.

वजन

प्रत्येक ट्रेलरवर कमाल अनुज्ञेय वजन आणि आत भरता येणाऱ्या सामानाचे वजन नोंदलेली पट्टी असते. खरेदीदाराने वाचायचा पहिला आकडा हा दुसरा होय. रिकाम्या ट्रेलरचे वजन १,६५० किलो व कमाल मर्यादा २,००० किलो असल्यास सामानासाठी ३५० किलो उरतात. १५० लिटरची ताज्या पाण्याची टाकी भरताच त्यातील १५० किलो जातात. राहिलेल्या २०० किलोंत भांडी, धान्य, कपडे, अंथरुणे, खुर्च्या, हत्यारे व वाढीव बॅटऱ्या बसवायच्या असतात. दगडी ओटा, मोठे शीतकपाट, रुंद ओव्हन अशी प्रत्येक सोय रिकाम्या ट्रेलरचे वजन वाढवते आणि तितकेच सामान कमी करते. त्यामुळे समान मर्यादेच्या दोन ट्रेलरपैकी अधिक सुसज्ज स्वयंपाकघर असलेल्यात धान्यालाच जागा कमी, असा विरोधाभास घडतो. मर्यादा ओलांडल्याचे परिणाम टायर फुटणे, आस वाकणे व थांबण्याचे अंतर वाढणे या रूपांत रस्त्यावर दिसतात.

भारतीय स्वयंपाकाच्या दृष्टीने

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी व इतर भारतीय कुटुंबांच्या गरजा काही बाबतींत वेगळ्या असतात. फोडणीचा धूर व वास छोट्या जागेतील गाद्यांत मुरतो, म्हणून बाहेर हवा फेकणारा पंखा किंवा बाहेरचे स्वयंपाकघर त्यांना अधिक उपयोगी पडते. पोळ्या लाटण्यास ओट्याची सलग जागा लागते. शेगडीवर वरचे फडताळ खाली आलेले असल्यास उंच प्रेशर कुकर ठेवता येत नाही, हेही आधी मोजून पाहावे. कुकर मात्र सोडून चालत नाही. कोलोराडोतील तीन हजार मीटर उंचीच्या मुक्कामांवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला फार वेळ लागतो.

भारतात ओढत नेण्याच्या ट्रेलरपेक्षा स्वतःचे इंजिन असलेली कॅरॅव्हॅन अधिक दिसते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. अमेरिकन बनावटीचा ट्रेलर येथे आणल्यास त्यातील १२० व्होल्टची उपकरणे २३० व्होल्टवर थेट चालत नाहीत. शिवाय तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्याने ट्रेलरचे दार व बाहेरचे स्वयंपाकघर उजव्या भिंतीत असते. भारतात रस्त्याकडेला थांबल्यावर ते धावत्या वाहनांच्या बाजूस उघडते.